आवाज परत आला नाही म्हणून वाट मोकळी समजू नका

आमचे मामा अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतात. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. पांढरी काठी घेऊन ते गावभर एकटे फिरतात. गटार, ओट्याची पायरी, रस्त्यात बसलेली म्हैस, सगळं काठी त्यांना आधीच सांगते. मार बसतो तो वरून. उभ्या बैलगाडीचं जू, ट्रॉलीचा उघडा राहिलेला फाळका, गल्लीत उघडणारं खिडकीचं कवाड, ओट्यापुढे आलेल्या पत्र्याची कड. काठी या सगळ्यांच्या खालून निघून जाते आणि कपाळ जाऊन आदळतं.

मी जळगावला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. दर वर्षी चार-दोन मुलं शंभरेक रुपयांचा तो दोन डोळ्यांसारखा दिसणारा अल्ट्रासोनिक सेन्सर, म्हणजे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा, घेऊन येतात. कुणाला अंधांसाठी काठी करायची असते, कुणाला अडथळे टाळणारी गाडी. जोडणी एका दुपारी होते. अडचणी सुरू होतात त्या पुढे, आणि त्या बहुतेक एकाच गैरसमजातून येतात. सेन्सर काही बोलला नाही म्हणजे समोर काही नाही, असं मुलं धरून चालतात. हा लेख अशा नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. मी सांगतो त्या क्रमाने जा, घाई करू नका.

पहिली पायरी: डोळे बांधा

सेन्सर पिशवीतच राहू द्या. संध्याकाळी वर्दळ कमी झाल्यावर मोकळ्या अंगणात, एखाद्या सलग भिंतीपासून तीन-चार मीटरवर उभे राहा. सोबत कुणीतरी हवंच. डोळ्यांवर फडकं बांधा आणि जिभेने टाळूवर चट्-चट् आवाज करत हळूहळू भिंतीकडे चाला. पहिल्या दिवशी बहुधा काही कळणार नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भिंत जवळ आली की आवाज जड झाल्यासारखा, दाटल्यासारखा वाटू लागतो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मामा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "भित बोलस रे भाऊ." भिंत बोलते.

त्यांना मात्र ते कानाने ऐकल्यासारखं वाटत नाही. चेहऱ्यावर सावली पडल्यासारखं वाटतं, असं ते सांगतात. पुष्कळ अंध लोक हेच सांगतात, आणि म्हणून एके काळी ही चेहऱ्याच्या त्वचेची जाणीव मानली जाई. १९४४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या सुपा, कॉट्झिन आणि डॅलेनबाख यांनी ते तपासून पाहिलं. यातला मायकल सुपा स्वतः अंध होता. डोळे बांधलेली माणसं त्यांनी भिंतीकडे चालवली. चेहरा झाकला तरी लोक वेळेत थांबत. कान बंद केले की आदळत. म्हणजे ही जाणीव कानाचीच. त्याच वर्षी प्राणिशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्रिफिनने वटवाघळांच्या याच कलेला इंग्रजीत 'एकोलोकेशन' हे नाव दिलं. आपल्याकडे वडा-पिंपळावर उलटी लटकणारी मोठी वटवाघळं मात्र या कामात घेऊ नका. ती डोळ्यांनी आणि वासाने फळं शोधतात. प्रतिध्वनीवर जगतात ती किडे खाणारी लहान वटवाघळं, जुन्या वाड्याच्या माळ्यावर दिसतात ती.

ही पायरी मी कुणालाच गाळू देत नाही. अंध माणसाचे कान आधीच कामावर असतात, हे एकदा स्वतः अनुभवलं की त्यांच्या कानात बीप-बीप करणारं यंत्र घालायची इच्छा उरत नाही. न्यूझीलंडच्या लेस्ली के यांनी १९६० च्या दशकापासून प्रतिध्वनीचं रूपांतर ऐकू येणाऱ्या सुरांत करणारी उपकरणं बनवली. ती विलक्षण होती, पण त्यांचे सूर ओळखायला भरपूर सराव लागे, आणि रस्त्याचे आवाजही त्याच कानांनी ऐकायचे असत. आपण कंपन वापरणार आहोत. कान मोकळे ठेवायचे.

दुसरी पायरी: टेबलावर मोजमाप

सेन्सर एचसी-एसआर०४ घ्या आणि सोबत आर्डुइनो नॅनो, म्हणजे आपला प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड. सेन्सरला चार पाय असतात. व्हीसीसी पाच व्होल्टला, ग्राउंड ग्राउंडला, ट्रिग आणि एको हे दोन कोणत्याही डिजिटल पिनांना. आर्डुइनोऐवजी ईएसपी३२ हा बोर्ड वापरत असाल तर एक काळजी घ्या. त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात आणि एको पाच व्होल्ट देतो, त्यामुळे मध्ये एक आणि दोन किलोओहमचे रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी करा.

काम असं चालतं: ट्रिगला दहा मायक्रोसेकंदांचा इशारा दिला की एका डोळ्यातून सेकंदाला चाळीस हजार कंपनांचा, माणसाला ऐकू न येणारा आवाज निघतो. आठ ठोके, बस. समोरच्या वस्तूवर आपटून तो परत येईपर्यंत एको पिन चालू राहते. ती किती वेळ चालू होती ते मायक्रोसेकंदांत मोजा आणि ५८ ने भागा. उत्तर सेंटिमीटरमध्ये मिळतं. ५८ कुठून आला? ध्वनी साधारण ३४३ मीटर दर सेकंदाने चालतो आणि त्याला जाऊन-येऊन दुप्पट अंतर कापायचं असतं, त्यावरून.

पण हे ३४३ वीस अंश तापमानाचं आहे आणि आपण खानदेशात राहतो. ध्वनीचा वेग काढायचं सोपं सूत्र: ३३१ अधिक तापमानाच्या ०.६ पट. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की वेग ३५८ होतो. बरोबर दोन मीटरवरची भिंत तेव्हा १९३ सेंटिमीटर दिसते. पौषातल्या दहा अंशांच्या पहाटे तीच भिंत २०५ दिसेल. काठीसाठी एवढा फरक सोडून द्या, चालणाऱ्याला सात सेंटिमीटरने काही बिघडत नाही. रोबोटला खोलीचा नकाशा काढायला लावणार असाल तर तापमानाचा सेन्सर जोडा आणि दर वेळी हिशेब करा.

आता या पायरीवरची खरी गोष्ट. प्रतिध्वनी आलाच नाही तर काय होतं? आर्डुइनोमध्ये मोजणीसाठी पल्सइन हे फंक्शन वापरतात. त्याला वेळेची मर्यादा दिली नाही तर ते एक सेकंदापर्यंत वाट पाहत बसू शकतं, आणि चालणारा माणूस तेवढ्यात एक मीटर पुढे गेलेला असतो. म्हणून मर्यादा २५ हजार मायक्रोसेकंद द्या. चार मीटरच्या जा-येला ती पुरते. मर्यादा संपली की फंक्शन शून्य देतं. हे शून्य म्हणजे अंतर शून्य असं धरलं तर मोटर उगाच वाजत राहते. ते खटकतं म्हणून नवीन मुलगा पटकन ओळ लिहितो, "शून्य असेल तर गप्प राहा", आणि तिथेच घोटाळा होतो. शून्याला वेगळं नाव द्या. मी प्रोग्राममध्ये त्या स्थितीला 'माहीत नाही' म्हणतो. जवळ, लांब आणि माहीत नाही, अशा तीन स्थिती तुमच्या प्रोग्राममध्ये पहिल्या दिवसापासून असू द्या.

दोन मोजण्यांमध्ये साठ मिलिसेकंद सोडा, नाहीतर आधीचा रेंगाळलेला प्रतिध्वनी पुढच्या मोजणीत घुसतो. आणि एकाच आकड्यावर भरवसा ठेवू नका. सलग तीन आकडे घ्या, लहान-मोठे असे लावा आणि मधला धरा. सरासरी घेऊ नका, एक भलता आकडा आला की ती वाहवत जाते.

तिसरी पायरी: सेन्सरला काय दिसत नाही ते शोधा

इथे एक आख्खा आठवडा द्या. वही घ्या, घरातल्या वस्तू एकेक करून सेन्सरपुढे दीड मीटरवर ठेवा आणि लिहून काढा.

सुरुवात सपाट पुठ्ठ्याने करा. समोरासमोर धरला की आकडा स्थिर. आता पुठ्ठा हळूहळू तिरपा करा. पंचवीस-तीस अंशांच्या आसपास आकडा उड्या मारू लागेल आणि मग नाहीसा होईल. या आवाजाच्या लाटेची लांबी साडेआठ मिलिमीटर आहे. त्याहून बारीक खडबडीतपणा तिला जाणवतच नाही, त्यामुळे रंगवलेली भिंत, पत्रा, काच, शहाबादी फरशी हे सगळे तिच्यासाठी आरसे. तिरप्या आरशात आपलं तोंड आपल्याला दिसत नाही, तसा तिरप्या भिंतीवरून आवाज दुसरीकडेच निघून जातो. कधी कधी तो दुसऱ्या भिंतीला लागून फिरून परत येतो, आणि मग सेन्सर खऱ्यापेक्षा लांबचा आकडा देतो. गप्प बसण्यापेक्षा हे वाईट, कारण आकडा अगदी खरा वाटतो.

मग मऊ वस्तू. गोधडी, घोंगडी, वाळत घातलेली साडी. प्रतिध्वनी क्षीण होतो, कधी येतच नाही. माझ्या डोक्यात हे कायमचं बसलं ते मामांच्या घरी. दिवाळीनंतर त्यांच्याकडे पुढच्या खोलीत कापूस भरतात, भाव येईपर्यंत तो तिथेच असतो, पार आढ्यापर्यंत. मी दारात उभा राहून सेन्सर आत धरला. समोर दोन हातांवर कापसाची भिंत होती आणि आकडा आला: माहीत नाही. कापसाने आवाज गिळून टाकला. भरलेली खोली सेन्सरला आभाळासारखी मोकळी वाटली. शक्य असेल तर हा प्रयोग प्रत्येकाने करावा. खानदेशात त्यासाठी लांब जावं लागत नाही.

बारीक तार हा तिसरा धोका. कपडे वाळवायची दोन-तीन मिलिमीटरची तार लाटेच्या लांबीपेक्षा पुष्कळ बारीक असते, तिच्यावरून परत येणारा आवाज नाममात्र. आणि ती नेमकी गळ्याच्या उंचीवर असते. ही तार सेन्सर पकडेल असं कुणालाही सांगू नका. तिच्यावर जुन्या कपड्यांच्या चिंध्या बांधूनही सेन्सरला फारसा फरक पडत नाही. घरातली तार उंच बांधणं हाच उपाय.

उलट, गोल वस्तू सोप्या असतात. लाकडी खांब, नळाचा पाइप, झाडाचं खोड, यांचा कुठला तरी एक भाग तुमच्याकडे तोंड करून असतोच, म्हणून आकडा येतो, जरा कमजोर का असेना.

खड्डा आणि उघडी नाली यासाठी सेन्सर खाली वळवायचा मोह होईल. मी करून पाहिलं आहे. जमीन तिरपी दिसते, आकडे डळमळतात, आणि खड्डा व 'माहीत नाही' यांत फरक करता येत नाही. खालचं काम काठीचं आहे आणि ती ते उत्तम करते. सेन्सरमुळे काठी सोडता येईल असं कुणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा.

शेवटी सेन्सरच्या आवाजाच्या झोताचा आकार काढा. अंगणात खडूने दर पन्नास सेंटिमीटरला रेघा मारा, एक पाइपचा तुकडा उभा धरून डावीकडून उजवीकडे सरकवा, आणि सेन्सरला तो दिसतो त्या जागेवर खूण करा. कणसासारखा एक आकार तयार होईल. माहितीपत्रकात पंधरा अंश लिहिलेलं असतं, तुमच्या अंगणात थोडं वेगळं येईल. पुढे तुमचाच आकार वापरा.

चौथी पायरी: आधी गाडी, मग माणूस

काठी करायची असली तरी आधी रोबोट करा, असा माझा आग्रह असतो. प्रोग्राम चुकला तर गाडीचा प्लास्टिकचा बंपर फुटेल. मामांचं कपाळ फुटायला नको.

दोन मोटरांची साधी गाडी घ्या. समोर, डावीकडे, उजवीकडे असे तीन सेन्सर लावा. तिघांना एकाच वेळी आवाज काढू देऊ नका, एकाचा प्रतिध्वनी दुसरा ऐकतो. पाळीपाळीने, प्रत्येकात साठ मिलिसेकंदांचं अंतर. समोर पन्नास सेंटिमीटरच्या आत काही आलं की थांबायचं आणि जिकडे जास्त अंतर तिकडे वळायचं. आणि 'माहीत नाही' आलं तर वेग निम्मा करायचा. हा एक नियम घातला की गाडीचं आदळणं बरंच कमी होतं. एवढं कुठल्याही महागड्या सेन्सरने झालेलं मी पाहिलं नाही.

चोपड्याकडच्या एका मित्राच्या मुलाने अशी गाडी केळीच्या दोन ओळींमधून चालवायला घेतली. खोडं छान दिसायची, पण वारा सुटला की खाली लोंबणारी वाळकी पानं आडवी यायची आणि गाडी जागच्या जागी फिरत बसायची. आम्ही एकाच आकड्यावर निर्णय घेणं सोडलं. सलग पाच मोजण्यांपैकी चारांत अडथळा असेल तरच वळायचं. खोड जागेवर राहतं, पान राहत नाही.

हाच विचार मोठ्या प्रमाणावर १९८५ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात हॅन्स मोरावेक आणि अल्बर्टो एल्फेस यांनी मांडला. तेव्हा रोबोटांवर पोलरॉइड कंपनीचे सोनार सेन्सर वापरत. ते मुळात १९७८ च्या झटपट फोटोच्या कॅमेऱ्यात अंतर मोजण्यासाठी तयार झाले होते. या दोघांनी जमिनीचे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनात 'इथे काही असण्याची शक्यता किती' हा आकडा ठेवला. तुम्ही हे आलेखाच्या कागदावर करू शकता. ओसरीचा नकाशा काढा, सुरुवातीला प्रत्येक चौकोन पन्नास टक्के, म्हणजे माहीत नाही. गाडीने दीड मीटर सांगितलं की झोताच्या आतले दीड मीटरपर्यंतचे चौकोन थोडे कमी करा आणि दीड मीटरच्या कमानीवरचे थोडे वाढवा. नेमका कुठे अडथळा आहे ते सेन्सर सांगत नाही, कमानीवर कुठेतरी आहे एवढंच सांगतो. जागा बदलून दहा-बारा मोजण्या घेतल्या की कमानी एकमेकींवर पडतात आणि खांब उमटतो. पेन्सिलने एकदा हे केलं की प्रोग्राम लिहायला अडत नाही.

पाचवी पायरी: काठी

एखाद्याला रोज वापरायला यंत्र हवं असेल तर घरी बनवू नका. आयआयटी दिल्लीने विकसित केलेली स्मार्टकेन २०१४ पासून मिळते. गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचे अडथळे ती तीन मीटरपर्यंत ओळखते आणि कंपनाने सांगते. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून दिव्यांगांना सहायक साधनं मिळतात, त्याची चौकशी जरूर करा. घरी बनवलेली काठी शिकण्यासाठी आणि आपल्या माणसाला नेमकं काय लागतं ते समजून घेण्यासाठी.

सेन्सर मुठीच्या खाली, जमिनीपासून साधारण ऐंशी सेंटिमीटरवर येतो. तो सरळ पुढे धरला तर झोताची खालची कड तीनेक मीटरवर जमिनीला लागते आणि चढावर फसवे इशारे येतात. तीस अंश वर कलवा. मग सव्वा मीटर पुढे झोत छातीपासून डोक्यापर्यंतचा भाग व्यापतो, जो काठीच्या आवाक्यात नाही. ही कलती बैठक चालणाऱ्याने नेहमीसारखी काठी धरलेली असताना ठरवा, टेबलावर नाही. मामा माझ्यापेक्षा काठी बरीच आडवी धरतात हे मला मोजल्यावर कळलं.

कंपनाची मोटर थेट आर्डुइनोच्या पिनेला जोडू नका, पिनेला तेवढा करंट झेपत नाही. मध्ये ट्रान्झिस्टर घाला, त्याच्या बेसला एक किलोओहमचा रेझिस्टर, आणि मोटरवर उलटा डायोड. इशारे तीनच ठेवा. दोन मीटरच्या आत सावकाश ठोके, एक मीटरच्या आत जलद, अर्ध्या मीटरच्या आत सलग. मी आधी आठ पातळ्या केल्या होत्या. मामांना त्यांतल्या तीनच वेगळ्या ओळखता आल्या, आणि बोटांनी ओळखायचं तर तेवढंच बरं.

मोटर काठीलाच चिकटवली हीही माझी चूक होती. काठीच्या टोकाला माती, मुरूम, डांबर, फरशी काय लागतंय ते मामांना मुठीत जाणवतं, आणि माझी मोटर त्याच मुठीत गुरगुरत होती. त्यांनी काठी परत माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मले जमीन दे पहिले." तेव्हापासून मोटर दुसऱ्या हाताच्या मनगटी पट्ट्यात असते. बॅटरी मुठीजवळ, खाली वजन गेलं की टोकाची जाणीव बोथट होते. पॉवर बँक वापरणार असाल तर आधी तासभर चालवून पाहा. करंट कमी असला की अनेक पॉवर बँका आपोआप बंद होतात.

चाचणी घरच्या अंगणातच. मोकळं खोकं दोरीने कपाळाच्या उंचीवर टांगा, जागा बदलत राहा, त्यांना दहा वेळा चालू द्या आणि किती वेळा वेळेत थांबले ते लिहा. दहापैकी दहा आल्याशिवाय गल्लीत नाही, आणि गल्लीत पहिले काही दिवस तुम्ही शेजारी.

सहावी पायरी: यंत्र जिवंत आहे हे कळलं पाहिजे

हे मी आधी केलं नव्हतं. आमची दहापैकी दहा आली, मामा आठवडाभर काठी घेऊन फिरले. एका सकाळी ते दूध घ्यायला निघाले आणि वाटेत बॅटरी संपली. मनगट शांत होतं, म्हणून त्यांनी वाट मोकळी धरली आणि नेहमीपेक्षा जरा भरभर चालले. कोपऱ्यावरच्या ट्रॉलीचा फाळका भुवईवर लागला. दोन टाके पडले. प्रोग्राममध्ये मी 'माहीत नाही' ही स्थिती ठेवली होती, पण मनगटापर्यंत ती पोचवलीच नव्हती. मोकळी वाट, गिळलेला आवाज आणि मेलेलं यंत्र, तिन्ही त्यांना एकसारखी शांतता म्हणून मिळत होती.

आता असं आहे. यंत्र सुरू केलं की एक लांब कंपन. त्यानंतर वाट मोकळी असेल तर दर चार सेकंदांनी एक अगदी हलकी टिचकी, मी आहे आणि पाहतो आहे म्हणून. 'माहीत नाही' सलग सेकंदभर आलं तर दोन जवळजवळच्या टिचक्या. मोकळ्या रानात या दुहेरी टिचक्या येतच राहतात आणि मामांना ते ठाऊक आहे. गल्लीत आल्या तर ते पाऊल आखडतात आणि मोकळा हात कपाळापुढे धरतात. बॅटरी उतरू लागली की टिचकीच्या जागी लांब, थरथरती खूण. आणि टिचकीच येत नसेल तर यंत्र बंद आहे असं समजून फक्त काठीवर चालायचं.

चार सेकंद हा आकडा मामांनी ठरवला. मी दहा ठेवले होते. ते म्हणाले, दहा सेकंदांत मी दुकानापासून पारापर्यंत जातो.